दोन नंबरच्या यंत्रातली अंडी

१

आक्कांनी दोन नंबरच्या उबवणी यंत्राचं दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलं. उबवणी यंत्रातली हवा कोमट लागते, झोपेतून उठलेल्या लेकराच्या गालासारखी. ही हवा भाजत होती.

यंत्राच्या दारावरच्या तबकडीत काटा एक्केचाळीस अंशांवर होता. हवे होते साडेसदतीस. आत क्रौंच पक्ष्याची चार अंडी होती. त्या जातीचे पक्षी मोकळ्या पाणथळीत आता फारसे दिसत नव्हते, म्हणूनच हे पक्षी संवर्धन केंद्र होतं आणि म्हणूनच आक्का इतकी वर्षं तिथे पक्ष्यांची देखभाल करत होत्या.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. हीटरचं बटण बंद केलं, पदरात धरल्यासारखी अंडी हातात घेतली आणि शेजारच्या खोलीकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, या. लवकर या."

पशुवैद्य डॉक्टर आले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. पहिल्यात काही हललं नाही. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. चौथं अंडं पाण्याच्या ताटलीला टेकून होतं, त्यामुळे त्याची एक बाजू जरा थंड राहिली होती. डॉक्टरांनी ते बराच वेळ धरून ठेवलं.

"हललं," ते म्हणाले. "अगदी बारीक. पण हललं."

तेवढ्यात संचालक साहेब आले. त्यांनी तबकडी बघितली, मग आक्कांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे वळले. तिन्ही यंत्रांचं तापमान तिथूनच लावलं जायचं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं होतं: यंत्र २, तापमान ३७.५.

"सकाळपासून येता-जाता मी हाच आकडा बघतेय," आक्का म्हणाल्या. "एकदा जरी तबकडीकडे मान वळवली असती..."

"आक्का, तापमान बदलायला पासवर्ड लागतो ना?"

"लागतो."

"तो तुमच्याशिवाय कोणाकडे आहे?"

आक्का खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "कोणाकडेच नाही," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना संचालकांच्या चेहऱ्यावरून कळलं.

२

हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी म्हणजे दोनच माणसं होती: एक वहिनी आणि तिचा धाकटा दीर. दीर प्रोग्रॅम लिहायचा, वहिनी त्यातल्या चुका शोधायची. तिच्या नवऱ्याला, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाला, जेवताना या दोघांच्या बोलण्यातलं निम्मं कळायचं नाही आणि उरलेलं निम्मं ऐकायची इच्छा नसायची.

संचालकांचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता.

"एक तर तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय, नाहीतर आमच्या आक्कांनी अंडी शिजवलीयत. काय ते येऊन सांगा. तोवर आक्कांना मी घरी बसवलंय."

फोन ठेवल्यावर दिराचा चेहरा उतरला होता. "वहिनी, चूक सॉफ्टवेअरची निघाली तर आपल्याला पुढे कोणी दारात उभं करणार नाही."

"आणि आक्कांची निघाली तर?"



दुसऱ्या दिवशी दोघं केंद्रात पोचले. यंत्रांची खोली लांबट होती. भिंतीशी फ्रीजएवढाली तीन यंत्रं, त्यांच्यावर काळे ठळक आकडे: एक, दोन, तीन. एक नंबर रिकामं, स्वच्छ धुतलेलं. दोनमध्ये वाचलेलं अंडं परत ठेवलेलं. तीन नंबरही रिकामं. छताला एक कॅमेरा. कोपऱ्यात आक्कांचं टेबल, आणि आक्का स्वतः दाराबाहेर बाकावर. त्यांना यायला सांगितलं होतं, आत जायला नाही.

वहिनीने आधी बाकावर बसून घेतलं.

"आक्का, काल या कॉम्प्युटरला हात कोणी लावला?"

"मी पण नाही लावला. परवा एक नंबर तापवलं होतं, ते बंद केलं, त्यानंतर नाहीच."

"अंडी गरम झालेली सापडली तेव्हा पडद्यावर साडेसदतीसच होतं? नक्की?"

"साहेबांनी पण बघितलं. डोळ्यांनी."

वहिनी उठली, आत गेली, आणि टेबलाशी वाकून त्या हिरव्या आकड्याकडे बघत राहिली. दीर मागे उभा राहून नखं खात होता.

"भावजी," ती म्हणाली, "तापमान बदलण्याचा निरोप या खिडकीतून गेलेलाच नाही."

३

संचालकांना ते पटेना. "म्हणजे काय? आकडा आक्कांनी नंतर परत बदलला असेल."

"बदलला असता तर यंत्रही परत साडेसदतीसवर आलं असतं. पडद्यावरचा आकडा बदलला आणि यंत्र तसंच राहिलं, असं होत नाही," वहिनी म्हणाली. "बसा, सांगते. कठीण नाहीये."

तिने टेबलावरचा एक पेला, एक पेन आणि किल्ल्यांचा जुडगा मांडला.

"आमचा हा प्रोग्रॅम बाहेरून एक दिसतो, पण आत तो वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. म्हणजे वेगवेगळ्या बंद खोल्यांतली माणसं समजा. पडद्यावरची प्रत्येक खिडकी एका खोलीत असते. हा पेला म्हणजे आक्कांची खिडकी. यंत्रांच्या वायरला हात लावायची परवानगी फक्त मधल्या खोलीला असते. तिला आम्ही मेन प्रोसेस म्हणतो. हा किल्ल्यांचा जुडगा. खिडकीला काही हवं असेल तर ती मेनला निरोप पाठवते. मेन काम करते आणि ज्याने निरोप पाठवला त्यालाच उलट उत्तर देते, की बाबा, झालं काम. ते उत्तर आलं की मगच खिडकीतला आकडा बदलतो."

संचालकांनी पेल्याकडे बघितलं. "आकडा बदलला नाही..."

"म्हणजे उत्तर या खिडकीकडे आलं नाही. म्हणजे निरोप हिने पाठवला नव्हता." तिने पेन उचललं. "आणि या प्रोग्रॅमला आणखी एकच खिडकी आहे."

ती खिडकी बाहेरच्या हॉलमध्ये, लोकांना दाखवायच्या मोठ्या पडद्यावर उघडायची. त्यात कॅमेऱ्यातून दिसणारी अंडी आणि खाली तापमान, एवढंच. तिच्यावर एक बटणसुद्धा नव्हतं.

गेटवरचे काका रोज सकाळी हॉल उघडायचे आणि तो पडदा चालू करायचे. वहिनीने त्यांना विचारलं, "काका, काल पडद्यावर काही वेगळं दिसलं का?"

"वेगळं काय दिसणार? लाल चौकट लुकलुकत होती. मध्ये भला मोठा आकडा. एक्केचाळीस."

"मग कोणाला सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं बाहेरचं ऊन दाखवतायत. म्हटलं, बरंय, नवीन सोय केली." काकांनी तिच्याकडे आणि मग दिराकडे बघितलं. "का? नव्हतं का ते ऊन?"

दिराने कपाळावर हात मारला. "वहिनी, ती धोक्याची चौकट. तिच्याबरोबर भोंगा वाजतो."

"भोंगा नाही वाजला," काका ठामपणे म्हणाले. "त्या पडद्याचा आवाज मीच बंद ठेवतो. दिवसभर पक्ष्यांचं किचकिच कोण ऐकणार?"

"पण धोक्याचा इशारा आक्कांच्या खिडकीत का नाही आला?" वहिनीने दिराला बाजूला घेऊन विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "ज्याने तापमान लावलं तोच समोर बसलेला असणार, असं धरून चाललो होतो. इशारा त्याच्याकडेच जातो."

म्हणजे शंकाच उरली नाही. तापमान लावलं होतं हॉलमधल्या, बटण नसलेल्या खिडकीने.

४

"तिला तापमान लावता येतंच कसं?" वहिनीने विचारलं. दोघं केंद्राच्या कॅन्टीनमध्ये बसले होते आणि दिराच्या पुढ्यातला चहा केव्हाच गार झाला होता.

"यायला नको. पण येतं." "खिडकी आणि मेन यांच्यामध्ये एक छोटा पूल असतो. कोणत्या खिडकीने कोणते निरोप पाठवायचे ते तिथे ठरवायचं असतं. मी दोन्ही खिडक्यांना एकच पूल दिला. आणि त्याच्यावरून कुठल्याही नावाचा निरोप जातो."

"पासवर्ड?"

"तो आक्कांच्या खिडकीत विचारला जातो. मेन विचारत नाही. तिला निरोप आला की ती काम करते. कोणाकडून आला, ते बघत नाही."

"छान. आणि निरोपाची नोंद?"

"चुका झाल्या तरच ठेवतो. हा निरोप चुकला नाही ना, वहिनी. व्यवस्थित पोचला."

वहिनीला हसावं की रडावं कळेना. "हॉलची खिडकी जे पान दाखवते ते येतं कुठून?"

"केंद्राच्या वेबसाइटवरून. त्यात कोणी चार ओळी घातल्या की पडदा चालू होताक्षणी निरोप आपोआप जाणार. घालणारा तेव्हा कुठेही असो."

वेबसाइटचं पान बदलायची सोय केंद्रात तिघांकडे होती: संचालक, डॉक्टर आणि केंद्राचं चित्रण करणारा कॅमेरावाला. त्याच सोयीतून छताचा कॅमेराही फिरवता येत असे. आत्ता पानात काहीच वावगं नव्हतं. ओळी घालणाऱ्याने त्या काढूनही टाकल्या होत्या.

वहिनी तिघांशी वेगवेगळी बोलली.

डॉक्टर पक्ष्यांच्या पिंजऱ्याशी उभे होते. "मी या यंत्रांच्या विरोधातच होतो," त्यांनी सांगून टाकलं. "अंडी पक्ष्यांखाली राहू द्या म्हणत होतो. एक दिवस शिजतील, असंही सर्वांसमोर म्हणालो होतो. तेव्हा तुम्हाला माझा संशय येत असेल तर तो रास्त आहे."

"परवा एक नंबर कशाला तापवलं होतं?"

"मीच सांगितलं. धुतल्यावर ते तापवून सुकवावं लागतं. आक्कांनी तापवलं आणि भोंगा असा बोंबलला, की कॅमेरावाला हातातली कॉफी सांडून धावत आला. आक्कांची तारांबळ बघून म्हणाला, अरेरे, हे टिपायला हवं होतं."

संचालकांच्या खोलीत वेगळीच तक्रार होती. "लोक येईनासे झालेत हो. अंडी काय, दगडासारखी पडून असतात. मी बैठकीत सगळ्यांना बजावलं, काहीतरी घडताना दिसलं पाहिजे. नुसती अंडी कोण बघणार? आक्का म्हणाल्या, अंड्यांचं कामच पडून राहण्याचं असतं. आमचं वाजलं त्यावरून."

कॅमेरावाला तिशीतला, बोलका, गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला. त्याने विचारायच्या आधीच सांगितलं, "मी काल सकाळी नव्हतोच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिला घरी सोडून जेवणाच्या वेळेला आलो तर इथे हा प्रकार."

"आल्यावर काय केलंत?"

"हॉलचा पडदा बंद करून परत चालू केला. लाल चौकट अडकून बसली होती. माझंच काम ते."

"आणि कालचं सकाळचं चित्रण?"

तो जरासा घुटमळला. "त्यात अंडी नाहीत. साफसफाई करताना कॅमेऱ्याला धक्का लागला असावा. भलत्याच यंत्रावर वळलाय."

"कुठल्या?"

"एक नंबर. रिकाम्या."

५

ते चित्रण वहिनीने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. रिकामं यंत्र, बंद दार, वर काळ्या शाईत एक. मध्येच कडेने आक्कांची सावली गेली.

"अंडी मरताना दिसू नयेत म्हणून वळवला असेल," दीर म्हणाला. "गुन्हा करायचा आणि कॅमेऱ्याची मान फिरवायची."

"मग भिंतीकडे फिरवला असता. जमिनीकडे." वहिनीने पडद्यावर बोट ठेवलं. "यंत्र बघा. बरोब्बर मधोमध. दाराच्या स्क्रूवरची खाचसुद्धा स्वच्छ दिसतेय. धक्क्याने कॅमेरा फिरेल, पण धक्का काही फोकस लावून देत नाही. भावजी, याला हे यंत्र दाखवायचं होतं. इथे काहीतरी घडणार आहे, अशी त्याची खात्री होती."

"रिकाम्या यंत्रात?"

"हो. तुमच्या निरोपात यंत्राचा नंबर कसा लिहायचा?"

"नुसता आकडा. पण तो शून्यापासून. आम्ही मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. बाहेर ज्याला एक नंबर म्हणतात ते आत शून्य, दोन नंबर म्हणजे एक..."

त्याचं वाक्य तसंच राहिलं.

"त्याने एक लिहिलं," वहिनी हळूच म्हणाली. "रिकामं यंत्र तापवायला गेला, आणि अंडी असलेलं तापलं."

दिराने खुर्चीतच मागे रेलून डोळे मिटले. मग म्हणाला, "तापमान लावायच्या निरोपाचं नाव त्याला कळलं कसं? ते आपण कोणालाच सांगितलेलं नाही."

"वाचायच्या निरोपाचं सांगितलंय ना? हॉलच्या पानावर तापमान दिसतं त्यासाठी?"

"हो, तिघांसमोरच सांगितलं होतं. 'तापमान-बघ'."

"आणि लावायचा?"

"'तापमान-लाव'," तो म्हणाला. तेवढं तर कोणालाही सुचलं असतं.

म्हणजे आक्का सुटल्या होत्या. त्यांना काही तापवायचं असतं तर त्यांनी आपल्याच टेबलावरून तापवलं असतं. दीर सुटला होता. आत शून्यापासून मोजतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण राहिलेले तिघं जिथल्या तिथे होते. डॉक्टरांना यंत्रं बदनाम करायची असतील. संचालकांना काहीतरी घडायला हवंच होतं. कॅमेरावाल्याला ते टिपायचं होतं. वहिनीला उत्तर जवळजवळ माहीत होतं, पण नुसत्या जवळजवळवर कोणाची नोकरी घालवायला ती तयार नव्हती.

ती बाहेर बाकाशी गेली. "आक्का, तुमच्याकडे लाकडी अंडी असतात ना? पक्ष्यांना फसवायला ठेवता ती?"

"आहेत की. खऱ्याशेजारी ठेवलं तर मलाही ओळखायला वेळ लागतो."

"एक द्या. आणि तीन नंबर साडेसदतीसवर आणून खरं अंडं कोणाच्याही नकळत त्यात हलवायचंय. डॉक्टरांनाही कळता कामा नये."

आक्कांनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग उठल्या. घरी बसवल्यापासून पहिल्यांदाच त्या यंत्रांच्या खोलीत गेल्या, आणि कोणाला विचारून गेल्या नाहीत.

६

दुपारी सगळे त्या खोलीत जमले. संचालक हाताची घडी घालून, डॉक्टर दाराला टेकून, कॅमेरावाला आक्कांच्या टेबलाशेजारी. आक्का दोन नंबरच्या यंत्राजवळ उभ्या होत्या. काचेतून आतलं अंडं दिसत होतं.

वहिनीने मांडीवर लॅपटॉप घेतला. "हॉलच्या पडद्यावर जे पान दिसतं ते इथे उघडलंय. आक्कांची खिडकी बंद आहे, पासवर्ड टाकलेला नाही. तरीही इथून यंत्र तापवता येतं का, ते तुमच्यासमोर करून दाखवते."

"अंड्याला धोका?" डॉक्टर लगेच म्हणाले.

"अंड्याच्या यंत्राला हातच लावत नाही. एक नंबर रिकामं आहे, ते तापवते." ती टाइप करत मोठ्याने म्हणू लागली. "निरोप: तापमान-लाव. यंत्र: एक. तापमान: एक्केचाळीस."

संचालकांनी मान वळवून एक नंबरकडे बघितलं. डॉक्टरांनी चष्मा सारखा करून एक नंबरच्या तबकडीवर नजर लावली. वहिनीने बोट उचललं.

"थांबा!" कॅमेरावाला ओरडला. "अहो थांबा, दोनमध्ये अंडं आहे!"

तो दोन पावलं पुढे झाला होता आणि त्याचा हात थेट दोन नंबरच्या हीटरच्या बटणाकडे गेला होता. त्याच्या गळ्यातले कॅमेरे एकमेकांवर आपटून वाजले.

"मी एक म्हटलं," वहिनी म्हणाली.

त्याने हात खाली घेतला. "नाही, म्हणजे... कॉम्प्युटरमध्ये शून्यापासून मोजतात. सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना नसतं. साहेब बघा कुठे बघतायत. आणि कितीतरी ठिकाणी एकापासूनही मोजतात. या प्रोग्रॅममध्ये एक लिहिलं की दोन नंबर तापतं, हे आम्हा दोघांशिवाय फक्त त्यालाच कळू शकतं, ज्याने आधी एक लिहून बघितलंय." तिने लॅपटॉप मिटला. "घाबरू नका. आतलं अंडं लाकडी आहे. खरं तीनमध्ये सुरक्षित आहे."

कॅमेरावाला आक्कांच्या खुर्चीत बसला.

"रिकामं तापवायचं होतं," तो म्हणाला. "देवाशप्पथ, रिकामंच. परवा भोंगा वाजला तेव्हा आक्का कशा धावल्या, सगळे कसे गोळा झाले! म्हटलं, तेच एकदा कॅमेऱ्यात यावं. लोक बघतील. हॉलमध्ये कोणी येत नाही, साहेब रोज विचारतात, तुझ्या कॅमेऱ्याचा उपयोग काय. आई दवाखान्यात, म्हणजे मी इथे नसणार, कोणाला माझा संशय येणार नाही. आक्का पाच मिनिटांत बंद करतील. रिकाम्या यंत्राचं काय बिघडणार होतं?"

"आणि आल्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

"हॉलमध्ये पाऊल टाकलं, पडद्यावर एक नंबर दिसत होतं आणि आकडा दोनचा. तेव्हा कळलं. आधी पानातल्या ओळी काढल्या." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग अंडी बघायला आलो."

"आणि आक्कांना घरी बसवलं तेव्हा?" वहिनी म्हणाली.

त्याने गळ्यातले कॅमेरे काढून टेबलावर ठेवले. संचालकांनी घसा खाकरला. "ठीक आहे. म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट झालं."

"अर्धं झालं," वहिनी म्हणाली. "बाकीचं मी लिहून देते. मेन प्रोसेस निरोप कोणाकडून आला हे विचारत नव्हती, ती आमची चूक. बिनबटणाच्या खिडकीला सगळे निरोप मोकळे होते, ती आमची. धोक्याचा इशारा आक्कांकडे गेला नाही, तीही आमचीच. तो गेला असता तर चारही अंडी वाचली असती." दिराने मान खाली घातली, पण तिला थांबवलं नाही. "आणि 'काहीतरी घडताना दिसलं पाहिजे' हे वाक्य कोणाचं, तेही लिहीन."

"ते कशाला लिहायचं?" संचालक म्हणाले. "ते तर मी सहज..."

"सहज म्हणालात, असंच लिहिते," वहिनी म्हणाली.

७

वहिनीने लिहून दिलेलं सगळं संचालकांच्या वरच्या मंडळींनी वाचलं. कॅमेरावाल्याची नोकरी गेली. संचालकांची गेली नाही, पण बैठकीत ते पूर्वीपेक्षा कमी बोलू लागले, असं डॉक्टर म्हणाले.

वहिनी आणि दीर यांना केंद्राने काढलं नाही, त्यांनाच दुरुस्तीला लावलं. दिराने प्रत्येक खिडकीला तिचा वेगळा पूल दिला, हॉलच्या खिडकीला फक्त तापमान वाचायची मुभा ठेवली, आणि पासवर्ड बघायचं काम मेनकडे दिलं. धोका झाला तर इशारा आता आधी आक्कांकडे जाणार होता, मग बाकी कोणाकडे. हे सगळं आक्कांना समजावून सांगताना तो म्हणाला, "आता मेन प्रत्येकाला विचारते, तू कोण?"

"आणि इतके दिवस?"

"नव्हती विचारत."

"बाई गं," आक्का म्हणाल्या. एवढंच.

चौथं अंडं फुटलं. पिल्लाचा एक पाय अधू निघाला, पण डॉक्टरांनी त्याला पट्टी बांधून उभं केलं. आक्का पुन्हा कामावर होत्या. पडद्यावर कितीही हिरवा आकडा असला तरी यंत्रापाशी जाऊन तबकडी बघितल्याशिवाय आता त्या खोलीतून बाहेर पडत नसत.

कॅमेरावाला आपलं सामान न्यायला आला तेव्हा वहिनी शेवटची तपासणी करत तिथेच होती. त्याने छतावरचा कॅमेरा उतरवला, वायर गुंडाळली. मग पिशवी खांद्याला लावून आक्कांसमोर उभा राहिला. माफी मागायला आला होता हे दिसत होतं.

आक्कांनीच विचारलं, "आईचा डोळा कसा आहे?"

"दिसतंय आता."

"बरं झालं." त्या पिल्लाच्या खाण्यात मासे बारीक करून घालत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही. "एक विचारू? तुला रिकामं यंत्रच तापवायचं होतं ना?"

"हो आक्का."

"भोंगा वाजवायचा होता. मी धावताना दिसायला हवी होते."

त्याने मान हलवली.

"मग मला सांगायचंस की रे," आक्का म्हणाल्या. "मी शेजारच्याच खोलीत होते. तापवलं असतं, वाजवला असता, धावलेही असते."

त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिथेच, दारात, तोंड फिरवून उभा राहिला. वहिनीने आपला लॅपटॉप उचलला आणि दोघांना तिथे सोडून ती बाहेर गेली.